कल्याणला जाणारे मुंबईकर

रेल्वेने माझ्या मुलीची कॉलेजची एक टर्म खाल्ली आणि वर गाडी वेळेवर होती असं लिहून दिलं. फसवणारी रेल्वे, फसलेली माझी मुलगी. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या गावात ही हकीकत सांगायला बसलं की मधेच कोणीतरी म्हणतं, "पण शेठ, थोडी चूक आपलीही होतीच ना?" आपली चूक किती होती तेही मी सांगणार आहे. पण माझ्या सवडीने आणि मी ठरवीन त्या भावाने.

गावाचं नाव लिहीत नाही. ठाणे आणि कल्याण यांच्या मधलं एक स्टेशन, एवढं पुरे. नाव लिहिलं तर तिथले निम्मे लोक माझ्या अंगावर येतील आणि उरलेले निम्मे विचारतील, आमच्याबद्दल एवढंच का लिहिलंत?

मी मूळचा कोकणातला. तिसरी इयत्ता झाली तेव्हा शाळेने मला सोडलं आणि मी शाळेला. कल्याणला खाडीच्या बंदरावर लाकडं उतरवायची हमाली केली, मग दुसऱ्याच्या वखारीत तराजू धरला, आणि देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या स्टेशनाच्या कुंपणाला लागून स्वतःची वखार काढली. जळाऊ लाकूड आणि कोळसा. लाकूड मुरबाडकडून बैलगाड्यांनी यायचं, भल्या पहाटे. त्या धंद्यात मी दोन गोष्टी शिकलो. एक, आपण उठून चालायला लागलो की दुकानदार खरा भाव सांगतो आणि गिऱ्हाईक उठून चालायला लागलं की आपण. दुसरी, ओलं लाकूड वजनाला जास्त भरतं. या दुसऱ्या गोष्टीबद्दल मला फार खोदून विचारू नका. ती पुढे एका वेगळ्याच कामाला उपयोगी पडली.

तेव्हा सकाळच्या मुंबईच्या गाडीला आमच्या फलाटावर जी माणसं असायची, ती मोजायला कागद लागत नव्हता. एखादा दिसला नाही तर पोर्टर दुसऱ्याला विचारायचा, "पोस्टातले आज आले नाहीत, ताप आला की काय?" गाडीही शब्द पाळायची. आमच्या घरात घड्याळ नव्हतं. गाडीचा भोंगा ऐकला की बायको दुधाखालचा जाळ ओढायची आणि दूध कधी उतू गेलं नाही.

मग माणसं आली. फाळणीनंतर कल्याणच्या पलीकडे निर्वासितांच्या छावण्या वसल्या. मुंबईत पागडी द्यायची ऐपत नसलेले कारकून आमच्याकडे येऊन भाताच्या खाचरांच्या कडेला दोन-दोन खोल्या घेऊ लागले. प्रत्येक बिऱ्हाड म्हणजे एक नवी चूल, त्यामुळे माझी काही तक्रार नव्हती. पण फलाटावरची माणसं वाढली तसा गाडीचा उशीरही वाढला. आधी दोन मिनिटं, मग पाच, मग दहा. दूध उतू जायला लागलं. स्टेशन मास्तरांना विचारलं तर ते हात उडवून म्हणायचे, "माणसं वाढली हो!" जणू माणसं म्हणजे ओढ्याला आलेलं पाणी. मी म्हणायचो, "मास्तर, माझ्याकडे गिऱ्हाईक वाढलं तर मी दुसरा तराजू टांगतो. गिऱ्हाइकाला दोष देत बसत नाही." मास्तर भला माणूस होता. हसायचा आणि पान पुढे करायचा.

अशात माझी मुलगी मॅट्रिक झाली. आमच्या घराण्यातली पहिली. घरी येऊन म्हणाली, "बाबा, मला कॉलेजला जायचंय."

मी म्हटलं, "बघू. आधी तुझ्या लग्नाचं काय ते बघू."

"लग्न कुठे पळून चाललंय? फॉर्म घ्यायची मुदत शुक्रवारी संपतेय."

मुदत दाखवून समोरच्याला घाईला आणायचं, हा माझा स्वतःचा डाव. माझ्यावर तो पहिल्यांदाच कोणी टाकला होता. मी हरलो आणि दिवसभर गिऱ्हाइकांना उगाच दोन ढलप्या जास्त टाकत राहिलो.

कॉलेज मुंबईत. आठला पहिला तास, आणि घंटेनंतर पाच मिनिटांनी हजेरी बंद. हजेऱ्या कमी पडल्या तर टर्म मिळायची नाही. टर्म नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर वर्ष गेलं. आमच्या स्टेशनावरून तिला दोन गाड्या होत्या. एक भल्या पहाटेची. ती काढताच बायको म्हणाली, "अहो, काळोखात पोरीला एकटीला फलाटावर उभी करणार?" दुसरी उजाडल्यावरची, सगळी स्टेशनं घेणारी. ती कागदावर पावणेआठला मुंबईत पोचायची, आणि तिथून कॉलेज दहा मिनिटांवर. कागदावर सगळं ठीक होतं. प्रत्यक्षात गाडी रोज पंधरा-वीस मिनिटं मागे.

पहिले काही आठवडे मास्तरांनी लाज राखली. गाडी उशिरा धावल्याचा दाखला रेल्वे तेव्हा द्यायची. त्यावर शिक्का असला की ऑफिसातले साहेब मस्टरवर लाल रेघ मारत नसत. माझी मुलगी तो दाखला कॉलेजच्या कारकुनाला दाखवायची आणि तो नाक मुरडून हजेरी लावायचा. तरी मी माझी स्वतःची नोंद ठेवली. वखारीत सागाची एक जुनी फळी होती, तिच्यावर रोज खडूने लिहायचो. सोमवार अठरा. मंगळवार सोळा. बुधवार एकवीस. स्टेशनावरचं घड्याळ बघायला फक्त कुंपणावरून मान वर करावी लागायची.

श्रावणात रेल्वेचं नवं वेळापत्रक आलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी दाखला आणायला गेली ती रिकाम्या हाताने परत आली. मी फळी खांद्यावर टाकली आणि मास्तरांच्या खोलीत गेलो.

"आज गाडी अठरा मिनिटं उशिरा आली," मी म्हटलं.

"आज गाडी वेळेवर आली," मास्तर म्हणाले आणि नवं पुस्तक पुढे सरकवलं. त्यात त्या गाडीची वेळ अठरा मिनिटांनी पुढे छापलेली होती.

"म्हणजे उशीर तुम्ही छापून घेतलात?"

"मी नाही हो छापत. वरून येतं. आता ती हीच वेळ. या वेळेला आली की वेळेवर."

"आणि कॉलेजची घंटा?"

"ती माझ्या हद्दीत नाही."

मी फळी त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती नीट वाचली, अगदी वरपासून खालपर्यंत, आणि म्हणाले, "शेठ, अक्षर छान आहे तुमचं."

घरी येताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माझाच धंदा होता. लाकूड वजनात कमी भरायला लागलं की वखारवाला काय करतो? पाणी मारतो. रेल्वेने वेळापत्रकाला पाणी मारलं होतं. एका रात्रीत गाडी जड झाली आणि वेळेवर आली. त्यानंतर पेपरात छापून आलं की गाड्यांचा वक्तशीरपणा सुधारतो आहे, आणि आमच्याकडचे कारकून ते मोठ्याने वाचून एकमेकांना दाखवत होते, उशिरा येणाऱ्या गाडीची वाट बघता बघता.

त्या संध्याकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, मी पहाटेच्या गाडीने जाते. तुम्ही फक्त फलाटापर्यंत सोडायला या."

पहाटे माझ्या बैलगाड्या यायच्या. पण ते निमित्त झालं. मी तिला म्हटलं, "चूक त्यांची आणि झोपमोड आपली का? आपण पहाटे उठलो की त्यांचा भाव आपण मान्य केला. जरा थांब. मी त्यांना वाकवतो."

ती थांबली. हे लक्षात ठेवा.

वाकवायचं कसं, तर कल्याणहून सुटणारी एक फास्ट गाडी आमच्या स्टेशनावरून न थांबता धडधडत जायची आणि आठच्या बरीच आधी मुंबईत पोचायची. ती आमच्याकडे एक मिनिट थांबली की काम झालं. कल्याणला जाऊन ती पकडावी म्हटलं तर आमच्याकडून कल्याणला जाणारी पहिली गाडी पोचेपर्यंत ही सुटलेली असायची. तेव्हा थांबाच हवा. गावात एक निवृत्त शिक्षक होते, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांना अध्यक्ष केलं, त्यांच्या सुवाच्य इंग्रजीत अर्ज केला, खाली सह्यांचे चार कागद जोडले.

उत्तर लवकर आलं, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. लिहिलं होतं की आपल्या स्टेशनावर मुंबईचे पास फारच थोडे विकले जातात, सबब थांबा देता येत नाही. सह्या जास्त आणि पास थोडे, असं कसं, हे त्यांनी विचारलं नव्हतं. पण कसं ते मला माहीत होतं.

आता आमच्या चुकीचं. आमच्या गावातली माणसं मुंबईचा पास आमच्या स्टेशनावर काढत नव्हती, कल्याणला काढत होती. कल्याणचा पास किरकोळ महाग, पण तो खिशात असला की सकाळी आधी उलट्या गाडीने कल्याणला जायचं आणि तिथून सुटणाऱ्या गाडीत खिडकीशी बसून मुंबईला यायचं. आमचं स्टेशन लागलं की आपल्याच फलाटावर उभ्या असलेल्या लोकांकडे सावकाश बघायचं. ऑफिसं साडेदहाची, त्यामुळे वेळ हाताशी असायचा. ही युक्ती सगळं गाव वापरायचं. आणि ही युक्ती काढली होती मी. लाकूड जोखता जोखता एकेकाला समजावली होती. "चार आणे जास्त जातील, पण बूड टेकेल की नाही?" लोक मला शेठ म्हणायला लागले ते त्यानंतर. सगळ्या गावाला मी बसायला जागा दिली होती. रेल्वेच्या कागदावर मात्र आम्ही सगळे कल्याणचे झालो, आणि आमच्या स्टेशनावर कोणी राहतच नव्हतं.

गुरुजींच्या ओटीवर सभा भरवली. मी म्हटलं, "एक महिना सगळ्यांनी आपल्या स्टेशनाचा पास काढा. एकच महिना." टाळ्या पडल्या. महिनाअखेरीस खिडकीवरच्या कारकुनाला विचारलं, किती पास गेले? तो म्हणाला, "दोन. एक तुमच्या मुलीचा, एक गुरुजींचा. आणि गुरुजी तर प्रवासच करत नाहीत." प्रत्येकाने मनात म्हटलं होतं, इतके लोक काढताहेत, माझ्या एकट्याच्याने काय अडतंय?

मी पुन्हा अर्ज केला. पासांवर जाऊ नका, माणूस पाठवा आणि डोकी मोजा. हे त्यांनी मान्य केलं. गणपती गेल्यावर एका मंगळवारी मोजणीदार येणार असं कळलं.

मी घरोघर फिरलो. पोस्टातल्या गृहस्थांपासून सगळ्यांना बजावलं, की त्या एका दिवशी कल्याणला जायचं नाही, सरळ मुंबईच्या फलाटावर उभं राहायचं, सरळ मुंबईची गाडी पकडायची. सगळे हो म्हणाले. कोणी कोणी वर चहाही पाजला.

मोजणीदार उजाडायच्या आत आला. सुकलेला माणूस, छत्री आणि पुठ्ठ्याची वही. पुलाच्या पायथ्याशी स्टुलावर बसला. दोन पानं पाडली होती, एक मुंबईचं, एक कल्याणचं. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. माझी मुलगी तिच्या नेहमीच्या गाडीने गेली. मुंबईच्या पानावर तिची एक रेघ पडलेली मी स्वतः बघितली.

आठच्या सुमाराला गाव घराबाहेर पडलं. काय ती माणसं! धुतलेले सदरे, डबे, छत्र्या. माझी छाती भरून आली. मुंबईच्या फलाटावर मी आणि गुरुजी स्वागताला उभे. आणि माझ्या डोळ्यांदेखत सगळं गाव पुलावर चढलं, पलीकडे उतरलं आणि कल्याणच्या फलाटावर उभं राहिलं.

मी इकडून ओरडलो, "अहो, इकडे! इकडे या! आज मोजणी आहे!"

पोस्टातले गृहस्थ पलीकडून ओरडले, "माहीत आहे हो शेठ! म्हणूनच! आज सगळे मुंबईच्या गाडीला असणार. मग बसायला कसं मिळेल?"

त्यांच्या मागे उभ्या असलेल्या शंभर माणसांनी माना हलवल्या. प्रत्येकाने हाच विचार केला होता. आमच्या फलाटावर मी, गुरुजी आणि कळव्याला भाजी विकायला निघालेल्या चार बायका. त्यांतली एक म्हातारी मला म्हणाली, "शेट, तुमची मान्सं तं पल्याड चालली." मला ते दिसत होतं.

कल्याणची गाडी आली, गाव घेऊन गेली. मोजणीदाराचं कल्याणचं पान भरून दुसरं लागलं. मी त्याच्यासमोर जाऊन बसलो.

"साहेब, ते सगळे मुंबईला जाणारे आहेत."

"कुठल्या गाडीत बसले?"

"कल्याणच्या. पण तिथून वळून ते मुंबईला जातात. अर्ध्या-पाऊण तासात याच स्टेशनावरून जातील, तुम्हाला खिडकीत दाखवतो."

"खिडकीतली माणसं माझ्याकडे नाहीत. मी चढणारे मोजतो."

"अहो पण त्यांच्या मनात मुंबई आहे!"

तो थकल्यासारखा हसला. "माणसाच्या मनात काय आहे ते मोजायला मला वही दिलेली नाही. पाय जिकडे चढले तिकडे रेघ."

मी तावातावाने त्याची वही ओढली. गुरुजींनी मला धरलं. मास्तर पानाचा विडा घेऊन धावत आले. मोजणीदाराने वही परत घेतली, सुरकुती पडलेला कोपरा सरळ केला आणि मुंबईच्या पानावर एक रेघ ओढली, एक शाळामास्तर धावत येऊन मुंबईच्या गाडीत चढले त्यांची. काम चोख होतं. त्यावरच मी जास्त चिडलो.

दिवाळीच्या सुट्टीआधी कॉलेजची नोटीस लागली. हजेऱ्या कमी, टर्म नामंजूर. मी स्वतः कॉलेजात गेलो. तिथल्या कारकुनाने टेबलाच्या खणातून रेल्वेचं नवं वेळापत्रक काढलं आणि स्टेशनाकडून मागवलेलं पत्र काढलं. सदर गाडी सदर काळात वेळेवर धावली, खाली शिक्का. "गाडी वेळेवर होती," तो म्हणाला, "मग तुमची मुलगी उशिरा का यायची, ते तिलाच विचारा." मुलगी शेजारी उभी होती.

दिवाळी झाली आणि रेल्वेचं पत्र आलं. आपल्या मागणीचा सहानुभूतीने विचार केला आहे. सकाळच्या प्रवाशांचा ओघ लक्षात घेऊन कल्याणकडे जाणाऱ्या फास्ट गाडीला आपल्या स्टेशनावर थांबा मंजूर करण्यात येत आहे.

कल्याणकडे.

मला वाटलं, आता गाव पेटेल. गावाने पेढे वाटले. कल्याणला आता पाच मिनिटं आधी पोचता येणार होतं, म्हणजे खिडकी पक्की. पहिल्या दिवशी गाडीला झेंडूचा हार घातला, गुरुजींनी चिकाटीचं फळ या विषयावर भाषण केलं आणि त्यात माझा उल्लेख दोनदा आला. पोस्टातले गृहस्थ पेढा घेऊन वखारीत आले. "घ्या शेठ. तुमच्यामुळे झालं." मी तो पेढा त्यांच्यासमोर बैलाला घातला.

मुलगी जूनपर्यंत घरी बसली. तिच्याबरोबरच्या मुली पुढच्या वर्गात गेल्या. सकाळी त्या कल्याणच्या फास्टचा भोंगा झाला की ती आतल्या खोलीत जायची.

जूनमध्ये तिचं पहिलं वर्ष पहिल्यापासून सुरू झालं. पहिल्या दिवशी पहाटे मी हातात कंदील घेतला, बैलगाडीवाल्यांना म्हटलं थांबा जरा, आणि तिला फलाटावर सोडायला गेलो. ती गाडी वेळेवर आली. त्या वेळेला माणसंच नव्हती, उशीर करणार कोण? वर्षभर मी रोज गेलो. घरापासून फलाटापर्यंत चार मिनिटं लागतात.

पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "बाबा, एवढंच होतं. गेल्या वर्षी आला असतात तर?"

मी आयुष्यात कुठल्याही सौद्यात न वापरलेला शब्द तेव्हा वापरला. म्हटलं, "चुकलो." माझ्या वाट्याचं उत्तर मी दिलं. शेजाऱ्यांनी पेढे खाल्ले, ते त्यांचं उत्तर. मोजणीदाराने जे चढले ते मोजले, त्याच्याशी माझं भांडण मिटलं. कॉलेजच्या कारकुनाने शिक्का बघितला. मास्तर म्हणाले, वरून आलं.

मग वर कोण होतं? अठरा मिनिटांचा उशीर ज्याने टेबलाशी बसून वेळ म्हणून लिहिला, तो कोण? मी पत्रं टाकली, एकाचंही उत्तर आलं नाही. ती फळी मी जळणात घातलेली नाही. खडू पुसेल म्हणून आकडे खिळ्याने कोरून घेतले आहेत. त्या माणसाने यावं, फळीसमोर उभं राहावं आणि माझ्या मुलीच्या तोंडावर सांगावं: गाडी वेळेवर होती, तर तीच गाडी रोज धरणारी मुलगी रोज उशिरा कशी पोचली?